पोलादपूरची प्रवासी

काउंटरवर मी कमी बोलते. पासपोर्ट बघायचा, चेहरा बघायचा, कुठे, कशाला विचारायचं आणि शिक्का मारायचा. इमिग्रेशनमध्ये इतकी वर्षं काढली, तरी शिक्का मारण्याआधी चेहरा अजून दोनदा बघते. घरचे म्हणतात, हिला आमटीचासुद्धा संशय येतो. येतो! त्याचाच पगार घेते मी.

त्या सकाळी तिशीची एक बाई समोर आली. अंगात कोरा पंजाबी ड्रेस, पण ओढणी सारखी पदरासारखी डोक्यावर ओढत होती. आखातातल्या देशाचा पर्यटक व्हिसा. "फिरायला चालले. हॉटेल बुक आहे," न विचारताच तिने पढवलेल्या पोपटासारखं म्हणून टाकलं. बोलताना नजर शेजारच्या रांगेकडे. तिथे पांढऱ्या बुटातला एक माणूस नको तितका निवांत उभा होता.

कागद सगळे बरोबर. थांबवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पासपोर्टवर जन्मगाव पाहिलं, तर पोलादपूर तालुक्यातली वाडी, माझ्या कापडे गावाच्या वरच्या अंगाची. मी आवाज खाली आणला. "कोणाची गो तू?"

आमच्याकडे वाटेत भेटलेली कुठलीही म्हातारी हे विचारते आणि तिला कोणी खोटं सांगत नाही. बाईचा चेहरा एकदम सैल पडला. माहेर, सासर, आजोळ, सगळं सांगून झालं. "आमच्याकडच्याच काय गो बाय तुमी! मगापास्नं नुसती थरथरत होते."

"कामाला चाललीस ना?" मी हसत विचारलं.

"व्हय. मोठं घर हाय म्हणं. पोरं सांभाळायची. तिकडं गेल्यावर पासपोर्ट शेठकडं द्यायचा, असं ते बोलले." तिने हनुवटीने पांढरे बूट दाखवले. "कोणाला सांगू नको बोलले. पन तू काय परकी नाय."

अशा घरांतून सुटून आलेल्या बायका मी याच विमानतळावर पाहिल्या आहेत. एकीला नुसतं नाव विचारलं तर ती दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली होती. आणि हा मेला शेजारच्या काउंटरवर पोचलासुद्धा! सहकाऱ्याच्या हातात शिक्का. ओरडले असते तर तो गर्दीत नाहीसा झाला असता. मी हसू तसंच ठेवलं, शेतात भात लावून झाला का विचारत राहिले, आणि फोन उचलून ड्यूटीवरच्या साहेबांना दबक्या आवाजात सांगितलं. ती भाताचं सांगत होती. शेजारी शिक्का पडला. तो बॅग उचलून निघाला, आणि पुढच्या दारात जवानाने त्याचा दंड धरला.

बाईने ते पाहिलं. मग माझ्या हातातला तिचा पासपोर्ट काउंटरपाशी आलेल्या साहेबांनी घेतलेला पाहिला.

"मला जाऊ दे गो. पोरीला आयशीकडं ठेवून आले. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ?"

मी समजावलं, पासपोर्ट हातातून गेला की काय होतं ते सांगितलं. मी बरोबरच केलं. उद्या पुन्हा तेच करीन, कोणाला काय वाटायचं ते वाटो. ती ऐकत नव्हती. रडतही नव्हती. साहेब तिला घेऊन निघाले, तेव्हा ती काचेजवळ वाकली.

"ह्या सायबाला मेले असते तरी सांगितलं नसतं," ती म्हणाली. "तुला सांगितलं."