मास्तरांचं पुढचं पुस्तक

नात बुधवारी दुपारच्या एसटीनं वेल्ह्याला उतरली, तेव्हाच मी ओळखलं की ही काही सुट्टीवर आलेली नाही. पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती शिकाऊ होती. कॉलेजच्या नियमानं सहा महिने असे कुणाच्या तरी हाताखाली काढावे लागतात. मधेच सोडलं तर सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. तिचे दोन महिने उरले होते. पिशवीत कपडे थोडे आणि विटेएवढं जाड एक पुस्तक.

संध्याकाळी मुलाचा फोन आलाच. "आई, तिला समजाव. सोमवारी ऑफिसात हजर झाली पाहिजे. तुझं ऐकते ती."

माझं ऐकते, कारण मी फार बोलत नाही. हल्ली बोलायचाही शीण येतो. भात झोडून पोती घरात आली होती, माझे गुडघे मात्र अजून खळ्यावरच पडले होते. पण मुलाला शब्द दिला, म्हणून दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "काय वाचतीस एवढं?"

"अवकाशातल्या लोकांची गोष्ट आहे, आजी. मोठी मालिका आहे. एकाच गोष्टीची कितीतरी पुस्तकं, सिनेमे, खेळणी. जगभर चालते."

"मग मलाबी सांग की."

इंग्रजी मला येत नाही. ती वाचायची आणि मराठीत सांगायची. नावं काही जिभेवर बसेनात, तेव्हा त्यातल्या नायकाला मी 'पोरगं' केलं आणि त्याच्या गुरूला 'मास्तर'. पोरगं कुठल्याशा खाणीच्या ग्रहावरून आलेलं, यान हाकायला शिकायचं म्हणून मास्तरांकडे राहिलेलं. मास्तर त्याला यानाच्या एका बटणाला हात लावू देत नाहीत. टाक्या घासायला लावतात. चुकला की दहाजणांत पाणउतारा करतात. एकदा तर बर्फाच्या चंद्रावर एकट्याला उतरवून स्वतः निघून गेले. का, तर परीक्षा.

"बरं केलं," मी म्हटलं.

"आजी! मेला असता तो."

"मेला का?"

"नाही."

"मग? शिकला का न्हाई?"

नातीनं पान उलटलं. पुस्तकातच बघत म्हणाली, "आमचे सरही असेच आहेत. परवा माझा नकाशा सगळ्यांसमोर टराटरा फाडला. आणि संध्याकाळी तोच नकाशा स्वतःचा म्हणून गिऱ्हाइकाला दाखवला."

"फाटका?"

"कॉम्प्युटरवर असतो गं तो, आजी."

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण मुलाला शब्द दिलेला, आणि मास्तर मला आवडू लागले होते. म्हणून माझी ठेवणीतली गोष्ट काढली. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की तिचे काठ विरलेत.

लग्नाआधी मी भोंगवलीहून भोरला मावशीकडे राहायला गेले, शिवणकाम शिकायला. गावात एक बाई होत्या, झंपर शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्याकडे मी दोन वर्षं काजं केली. काजं, हूक, तुरपाई. कात्रीला कधी हात लावला नाही आणि कधी तक्रार केली नाही. बाई कापड बेतायला बसल्या की मला दळण घेऊन गिरणीवर पाठवायच्या. पाठवायच्या म्हणजे काय, घरचं दळण माझ्यावर सोपवायच्या! ती एकोणीस वर्षांची ठोंबी डोक्यावर डबा घेऊन भर बाजारातून अशी चालायची, जशी काही संस्थानाची चावी तिच्याकडेच आहे. रात्री मावशीला सांगायची, "बाईंचा माझ्यावर लई विश्वास हाय." मावशी म्हणायची, "व्हय बाई," आणि ताटात बघून जेवायची.

"असं शिकावं लागतं," मी नातीला म्हटलं.

रविवारी पुस्तक संपलं. शेवटी बाकीची सगळी शिकाऊ पोरं मास्तरांना सोडून जातात, हे एकटंच राहतं आणि मास्तरांसमोर मान लववतं.

"बघ!" मी सूप बाजूला ठेवलं. "राहिला का न्हाई? आता बघ कसा मोठा होतोय."

नातीनं पुस्तक मिटलं. "आजी, पुढच्या पुस्तकात मास्तर त्याला शत्रूला विकतात. स्वतःचं यान वाचवायला."

"तुला काय म्हाईत? पुढचं कुठं वाचलंस?"

"सगळ्यांना माहीत असतं. ती गोष्ट आधी आलीय, सिनेमासकट. हे पुस्तक मागाहून लिहिलंय, आधी काय घडलं ते सांगायला. वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं मास्तर कसे निघणार ते. ठाऊक नसतं फक्त त्या पोराला."

"आणि मला."

"आणि तुला," ती म्हणाली.

"मग आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुला मास्तर एवढे आवडले होते."

मी सूप पुन्हा मांडीवर ओढलं, पण खडा आणि तांदूळ एक दिसायला लागले. भोरची ती गिरणी आठवली. बाई बेतायला बसायच्या नेमकं तेव्हाच दळण संपायचं. दोन वर्षांत एकदाही उलटं झालं नाही, आणि त्या ठोंबीला एकदाही नवल वाटलं नाही. मला बेत शिकवला असता तर मी समोरच्याच आळीत मशीन टाकली असती, आणि एवढ्याशा भोरात दोघींना पुरतील इतके झंपर कुठले? बाईंच्या जागी मी असते तर मीही गिरणीवरच पाठवलं असतं. गिरणीवाल्याला ठाऊक असणार, माझ्याआधीच्या मुलींना ठाऊक असणार. मावशीला तर नक्कीच. सगळ्या भोरानं पुढचं पुस्तक वाचलेलं होतं.

"तुझ्या आधी त्या ऑफिसात कोण शिकायला होतं?" मी विचारलं.

"तिघीजणी."

"त्यांना इचारलंस?"

"एकीला फोन केला होता. सरांचं नाव काढलं तर एवढंच म्हणाली, तू अजून तिथंच आहेस?"

दिवेलागणीला मुलाचा फोन आला. "काय, उद्या पहिल्या गाडीनं निघते ना?"

"न्हाई निघत."

"आई, चार महिने पाण्यात जातील."

"जातील."

"तूच सांगायचीस ना? दोन वर्षं काजं केली, हूं का चूं केलं नाही म्हणून?"

"सांगायचे. त्याच्यापुढं मी काय केलं, ते कधी इचारलंस का?"

"काय केलंस?"

"लग्न झालं आणि हितं भाताच्या चिखलात उतरले. साधा परकर बेतता येत न्हवता मला. काजं तेवढी उत्तम."

मग म्हणाला, "कॉलेजला काय सांगायचं?"

"ते तुमी दोघं बघा. मी दमले."

फोन ठेवला. मला वाटलं होतं, पोरगी गळ्यात पडेल. ती उंबऱ्याला टेकून तशीच बसून राहिली. सुटल्यासारखी दिसत नव्हती, दमल्यासारखीच दिसत होती. घरात आता दोघी दमलेल्या.

"नवीन ऑफिस शोधायचं," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्या दिवसापासून."

"व्हय."

"तिथंही सर असेच निघाले तर?"

मावशी ताटात बघायची, तशी मी सूप ओढून त्यात बघत बसले. मग उगाच विचारलं, "त्या पोराचं काय होतं गं, मास्तरांनी विकल्यावर?"

"पळून जातं. दुसऱ्या एका बाईकडे शिकायला राहतं."

"बरी हाय का ती?"

"ते पुस्तक अजून आलेलं नाही, आजी."