कोड ग्वाल्हेरहून येत असे

शेवटचा कोड मी जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर बसून, फोनवर सांगितला. तो माझ्या मुलीने जर्मनीत तिच्या संगणकावर टाकला आणि तिच्या पॅकेजची १.९.६ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतरही आवृत्त्या निघाल्या. त्यांना ग्वाल्हेरच्या कोडची गरज लागलेली नाही.

पॅकेज म्हणजे तयार प्रोग्रामचा संच. तो कुणीतरी लिहायचा, इंटरनेटवरच्या सामाईक भांडारात ठेवायचा आणि ज्याला लागेल त्याने आपल्या कामात वापरायचा. मुलीचं पॅकेज जुन्या छपाईच्या फाँटमध्ये टाइप केलेला हिंदी-मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येतील अशा अक्षरांत, बदलतं. त्याची सुरुवात माझ्यामुळे झाली. मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर नोकरी केली. माझ्या जुन्या बातम्यांच्या फाइली नव्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तिने त्या वाचण्यापुरता प्रोग्राम लिहिला. पुढे तो काही वाचनालयं आणि लहान वृत्तपत्रं वापरू लागली.

भांडारात नवी आवृत्ती चढवताना पासवर्डाखेरीज सहा अंकी कोड लागे. हा कोड फोनवरच्या एका ॲपमध्ये दिसतो आणि दर तीस सेकंदांनी बदलतो. भांडारातलं खातं उघडलं तेव्हा आम्ही ग्वाल्हेरमध्येच थाटीपुरला, बायकोच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मुलीचा फोन दुरुस्तीला गेलेला, म्हणून तिने ते ॲप माझ्या फोनवर घेतलं. मग ती पुण्याला गेली, पुण्याहून जर्मनीला. बायको निवृत्त झाल्यावर आम्ही शहरातच जयेंद्रगंजला आलो. ॲप माझ्याच फोनवर राहिलं.

तिकडची सकाळ ही आमची जेवणाची वेळ. फोन तेव्हाच यायचा. ती परदेशी गेल्यावर पहिल्या वेळी मी अंक प्रूफ वाचून दाखवतात तसे जोडीने सांगितले.

"सदुसष्ट, एकोणऐंशी, बेचाळीस."

"एकोणऐंशी म्हणजे? उनासी? सेव्हंटी नाइन?"

"हो."

"गेला बाबा. बदलला. आता एक-एक अंक बोला, प्लीज. आणि जरा जल्दी."

मुलीचं शाळेपासूनचं गणित हिंदीत आणि इंग्रजीत झालं. पुढे मी एक-एक अंकच सांगत गेलो.

आवृत्तीच्या तीन आकड्यांचा अर्थही तिनेच समजावला. चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढतो. काही नवं घातलं तर मधला. पहिला आकडा वाढला याचा अर्थ, जुन्या पद्धतीने वापरणाऱ्यांचं काम आता अडेल, त्यांनी आपल्याकडे बदल करून घ्यावेत. एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत मागाहून हात घालता येत नाही. चूक राहिली असेल तर पुढच्या आकड्याने नवी काढायची. यातलं शेवटचं मला समजावून सांगावं लागलं नाही. छापून गेलेल्या अंकाचं तेच असतं.

बोलणं ठरलेलं होतं. काय बदललं, हे ती एका वाक्यात सांगायची. वाक्य लांबलं तर मी ते तोडायला सांगायचो. मग कोड. मग "गेली" असं ती म्हणायची, म्हणजे आवृत्ती गेली. त्यानंतर पाच-दहा मिनिटं इतर काही निघे: तिथल्या बसचा संप, इथली गेलेली लाइट, घरमालकिणीचं मांजर. रविवारचा व्हिडिओ कॉल वेगळा. त्यात आई, जेवण, सर्दी-खोकला आणि "आणखी काय?" इतकंच असे.

बायको म्हणायची, "पोरीला आई आठवत नाही, कोड आठवतो. ती नाही, तुमचा फोन लागलाय तिकडे नोकरीला."

फोन जुना झाला होता. बॅटरी तासाभरात उतरायची, म्हणून तो टेबलाजवळच्या प्लगला लावून ठेवलेला असे. नवा घ्यायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा मी ते पुढे ढकललं. बाहेरची कामं सकाळी उरकण्याचा नियम झाला. महिनाभर एकही आवृत्ती निघाली नाही असंही होई. अशा वेळी दुपारी ॲप उघडून अंक बदलत असल्याची खात्री केली जाई.

एका वर्षी दसऱ्याला ती येणार होती. तिकीट रद्द झालं. त्या पंधरवड्यात तिच्या पॅकेजच्या पाच आवृत्त्या निघाल्या, सगळ्या शेवटच्या आकड्याच्या. एकीत फक्त सूचनांच्या पानावरचा एक स्वल्पविराम हलला होता. पॅकेजवर तिच्याबरोबर काम करणारा नागपूरचा एक मुलगा तेव्हा फोनवर होता. तो तिच्याच ऑफिसात आहे.

"काका, हे पॅकेज आहे की सायंदैनिक?" तो म्हणाला. "सगळं एकत्र देता आलं असतं ना. हिला समजवा तुम्ही."

"तू आपलं बघ," मुलगी म्हणाली. "बोला बाबा. पहिला अंक?"

पुढच्या उन्हाळ्यात एक आवृत्ती बिघडलेली गेली. त्या आवृत्तीने एका वृत्तपत्राच्या जुन्या पानांतल्या सगळ्या जोडाक्षरांचे तुकडे केले. दुरुस्ती तयार होती, ती लगेच काढायची होती. बायकोच्या चष्म्याची काडी तुटल्यामुळे मी सकाळी नई सडकवरच्या चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. दुकान उघडायला उशीर झाला आणि मला तिथेच थांबावं लागलं. फोन घरी, प्लगला. बायको घरी, चष्म्याशिवाय. पुढचं मला दोघींकडून कळलं आणि दोघींचं वर्णन जुळतं.

"आई, हिरवं चिन्ह आहे त्याच्या खाली बघ."

"बघते आहे. तीन. का आठ? थांब, बाहेर उजेडात नेते. अगं, प्लग निघाला!"

"आई, फोन बंद झाला का?"

"नाही, आहे. आठ. आठ, एक, शून्य... बदलला मेला! हे काय गं, माणसाने बघायचं तरी कधी?"

नागपूरचा मुलगा स्पीकरवर ऐकत होता. मी परतलो, कोड सांगितला, आवृत्ती गेली. मग तो म्हणाला, "काका, हे हिच्याच फोनवर घेता येते. दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही उगाच धावून राहिले उन्हात."

मी मुलीला विचारलं, "खरं का?"

"येतं," ती म्हणाली. "पण दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे नसाव्यात. पासवर्ड माझ्याकडे, कोड तुमच्याकडे. सिक्युरिटीचा नियम आहे."

"कुठल्या सिक्युरिटीचा?" नागपूरचा मुलगा हसला. ॲप ग्वाल्हेरलाच राहिलं.

गेल्या दिवाळीनंतर भांडाराने नियम बदलले. हाताने कोड टाकून आवृत्ती चढवणं बंद होणार होतं. यापुढे प्रोग्राम जिथे ठेवलेला असतो तिथूनच तो आपोआप तपासला जाईल, पॅकेजमध्ये बांधला जाईल आणि भांडारात जाईल. मुदत फेब्रुवारीपर्यंतची होती. मुलीने हे मला डिसेंबरमध्ये सांगितलं. तो फोन कुठल्याही आवृत्तीसाठी नव्हता.

"पण एक जागा आहे, बाबा," ती म्हणाली. "सगळं आपोआप होतं, तरी शेवटी एका माणसाला मंजुरीचं बटण दाबावं लागतं. तो मी सोडून दुसरा कुणी हवा. मी तुमचं नाव टाकते. तुमच्याकडे मेल येईल, तुम्ही दाबायचं."

"त्या माणसाने काय बघायचं असतं?"

"काय बदललं ते."

"प्रोग्राममध्ये?"

"हो, पण मी फोनवर सांगेन ना. आतासारखंच. तुम्ही फक्त दाबा."

मी डेस्कवर होतो तेव्हा पान लावणारा वेगळा आणि ते छपाईला सोडणारा वेगळा असे. सोडणाऱ्याने पान वाचलेलं असलं पाहिजे, ही अट होती. वाचलं नसेल तर सही करायची नाही, मग छपाई कितीही खोळंबो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगितलं जाई. काही वर्षं ते सांगण्याचं काम माझ्याकडे होतं.

"मला तो प्रोग्राम वाचता येत नाही," मी म्हणालो.

"आतापर्यंत तरी कुठे वाचत होता?"

"आतापर्यंत किल्ली माझ्याकडे होती. मंजुरी तुझीच होती. आता माझी होईल."

"बाबा, हे तुमचं पहिलं पान नाही आहे."

"वाचनालयं वापरतात ना ते?"

"वापरतात."

"ज्याला वाचता येतं त्याला बसव तिथे. तो नागपूरचा आहे ना."

"तो आहेच," ती म्हणाली. "तो तर रोज इथे माझ्या समोर बसतो." मग म्हणाली, "तुम्ही पण ना, जिद करता. आईला द्या फोन."

बायको बोलून आली. "काय म्हणालात हो तिला? बटणच तर दाबायचं होतं." मी जे बोलणं झालं ते सांगितलं. तिने ताटं उचलली.

जानेवारीत १.९.६ निघाली. जुन्या पद्धतीने गेलेली ती शेवटची. तिने काय बदललं ते एका वाक्यात सांगितलं. वाक्यात तोडण्यासारखं काही नव्हतं. मी कोड सांगितला. तिने तो टाकला नाही. बदलल्यावर मी दुसरा सांगितला, तोही वाया गेला. "टाइप करते आहेस ना?" मी विचारलं. "करते," ती म्हणाली. तिसरा तिने टाकला.

"गेली," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता नवा फोन घ्या, बाबा. तो जुना कधीतरी फुटेल."

फोन फेब्रुवारीत घेतला. त्याच महिन्यात २.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. मंजुरी देणाऱ्याच्या जागी नागपूरच्या मुलाचं नाव आहे.

त्यानंतर २.०.१, २.०.२ आणि गेल्या मंगळवारी २.०.३ निघाली. तिन्हींची नोंद मला भांडारातल्या पॅकेजच्या पानावर दिसली. मंगळवारी फोन आला नाही. रविवारी आला. बोलणं आईशी झालं, मग माझ्याशी. तिकडे पाऊस होता, इथे नव्हता. आवृत्तीचा विषय निघाला नाही.