गाळलेला शब्द

ग्वाल्हेरातल्या एका मोठ्या हिंदी दैनिकात मी सबएडिटर आहे. आमचा पेपर उघडला की टेबल भरतं. दुपारी एक छोटा पेपर निघतो, आमच्या निम्म्या आकाराचा, लाल मथळ्यांचा, मारामाऱ्या आणि भानगडींनी भरलेला. 'समोसे बांधायचा कागद', असं आम्ही त्याला म्हणायचो. सर्वांत मोठ्याने मीच म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी पोलिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक टिपण आलं. फूलबागेजवळ एक निवृत्त चित्रकला शिक्षक स्कूटरवरून पडले, पाय मोडला, 'नशे की हालत में प्रतीत'. प्रतीत, म्हणजे पाहणाऱ्याला तसं वाटलं, एवढंच. मला चार ओळींची जागा होती आणि मजकूर पाचव्या ओळीत उतरत होता. मी 'प्रतीत' काढला. बातमी बसली. आडनाव मराठी आहे, हे लक्षात आलं होतं. पण ते आपले दर्पण कॉलनीतले काका, आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची सजावट करणारे, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी छोट्या पेपरात अर्धं पान लाल अक्षरं: 'नशे में नहीं थे गुरुजी!' मथळा वाचून मी हसलो. मग खालचा मजकूर वाचला आणि हे आपले काका, हे कळलं. त्यांचा वार्ताहर इस्पितळात जाऊन आला होता, काकूंशी बोलला होता. काकांना मधुमेह. इन्शुलिन घेऊन न जेवताच बाहेर पडले होते, रस्त्यात शुगर एकदम उतरली. दारूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

मी संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, "पुलिस ने दिया, हमने छापा. बात ख़त्म." मला हायसं वाटलं. गाळलेल्या शब्दाबद्दल मी बोललोच नाही.

आठवड्याने बायकोला घेऊन काकांना बघायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये. उशाशी त्या छोट्या पेपराची घडी होती.

"दोन तास बसला होता तो मुलगा इथे," काका म्हणाले. "सगळं नीट विचारलं. आणि तुमच्याकडे कुणी तरी सरळ पियक्कड लिहून मोकळा झाला. तुम्ही नसाल त्या दिवशी ऑफिसात. असता तर असं छापू दिलं नसतं."

"रजेवर होतो, काका," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी रजेवर नव्हतो, हे तिला माहीत होतं.

त्यानंतर काकांच्या चित्रकलेच्या क्लासमधून तीन मुलं कमी झाल्याचं कानावर आलं. मंडळाची सजावट त्या वर्षी दुसऱ्याच कुणी केली. मी संपादकांच्या मागे लागून खुलासा छापवला. तीन ओळी, अकराव्या पानावर, निविदांच्या खाली. तो कुणी वाचला असेल, असं मला वाटत नाही.

दिवाळीनंतर एकटाच गेलो आणि सांगितलं, ती बातमी मीच केली होती, रजेचंही खोटं होतं.

"आपल्या मंडळाच्या यादीत माझा नंबर आहे," काका म्हणाले. "एक फोन करायचा होतात."

काकूंनी माझा अर्धा राहिलेला चहाचा कप उचलला. मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या, पण 'या परत' म्हणाल्या नाहीत.