रेषेवरचं तिसरं चाक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर माणसांवरही जरा बेताचाच... म्हणूनच खामगावच्या सायकल रेसमध्ये मला शेवटच्या रेषेवर बसवलं असावं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. रेस खामगाव ते पिंपळगाव राजा आणि परत. पहिला येणारा प्रांताच्या रेससाठी नागपूरला जाणार. स्वारांमध्ये माझा धाकटा भाऊ नामदेव होता, आणि सायकली दुरुस्त करणारा युसूफ. त्यामुळे लोक माझ्याकडे संशयानं पाहत होते – आणि मी लोकांकडे.

पहिला कोण, हे डोक्यावरून किंवा छातीवरून ठरत नाही. पुढच्या चाकाचं टायर चुन्याच्या रेषेला ज्याचं आधी लागेल, तो पहिला. म्हणून मी रस्त्याच्या कडेला पालथा पडून, गाल जमिनीला टेकवून फक्त रेषा पाहत होतो.

सकाळी दहाच्या सुमारास ओरडा झाला. चाकं आली... तीन! मधलं आधी, मग अलीकडचं, मग पलीकडचं. दोन धुळीनं माखलेली. मधलं मात्र कोरं करकरीत.

"मधला पहिला!" मी ओरडलो.

"कोन मधला, मास्तर?" लोक हसले. दोघंच तर आले होते! अलीकडे युसूफ, पलीकडे नामदेव.

मला वाटलं, यांनी कोणाला तरी लपवलंय. मागून आलेल्या सगळ्यांची टायरं तपासली. सगळी धुळकट. तिसरा सापडेपर्यंत सही करणार नाही, म्हणालो. माझ्या सहीशिवाय निकाल नव्हता. भाऊ हरला ते मास्तरला पचलं नाही, असं लोक उघड बोलू लागले.

युसूफ जवळ आला. "मधलं सोडा. आमच्या दोघात कोन पयले?"

"तू."

"मंग लिवा ना. मले नागपूरले जायचं हाय."

नाही लिहिलं. पाहिलेलं सोडून कसं लिहू? रेस रद्द झाली.

घरी नामदेव हळूच म्हणाला, "दादा, मधात कोनीतरी होतं. कोपर लागलं मले. मी जागा देली त्याले."

"मंग तिथं काऊन नाही बोलला बे?"

"लोक हासले असते."

मला बरं वाटावं म्हणून तो हे बोलला का? तो संशय अजून जात नाही. त्या चाकाचा उलगडाही झालेला नाही.

युसूफ पुन्हा रेसला उतरला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मागच्या महिन्यात त्याच्या दुकानात जाऊन म्हणालो, "तू पहिला होतास. आता लिहून देतो."

त्यानं मान हलवली. "नका लिवू. मधल्याचं तुमी खोटं बोलले असते, तं मी तवाच भांडलो असतो, मास्तर."