दसऱ्यालाच बदलायचं ऑइल

माझ्या ट्रकच्या डिफरन्शियलचं ऑइल मी वर्षातून एकदाच बदलायचो. दसऱ्याला. (डिफरन्शियल म्हणजे मागच्या चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा.) शाळा चौथीपर्यंत झाली, पण दसरा मला कळतो!

त्या वर्षी विरारला बिल्डिंगी उगवत होत्या आणि मी खाडीकाठच्या खाजणात भरणीची माती टाकत होतो. लोड दुप्पट, मागची चाकं अर्धी पाण्यात. माणिकपूरचा आंतोन मिस्त्री म्हणाला, "काका, गाडी एवढी राबवता, तर दर सहा महिन्यांनी ऑइल बदला. आणि पाण्यात गेली की लगेच बघा, आत पाणी शिरतं."

"दसऱ्याला बघू."

"गाडीला काय कळतोय दसरा!"

"मला धंदा शिकवू नको."

वैशाखात आम्ही नंदाखाल गावातल्या भाड्याच्या घरातून चंदनसारच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये निघालो. सव्वाअकरापर्यंत मुहूर्त. घरात पहिलं पाऊल माझं, हे मी गावभर सांगून ठेवलेलं! मागे कपाट-पलंग, शेजारी बायको सुमन, तिच्या मांडीवर देव, स्टोव्ह आणि दुधाचं पातेलं. (नव्या घरात दूध उतू घालवायचं असतं.)

"अहो, मागे कोणतरी रडतंय."

"कपाट हलतंय."

"कपाट असं रडत नाही!"

"तीस वर्षं ट्रक मी चालवतोय का तू?"

तेवढ्यात खाडकन आवाज झाला आणि चाकं जाम! मी खाली शिरलो. गोळ्याच्या वरच्या भोकातून पांढरा फेस उतू जात होता. पाणी आणि ऑइल घुसळून घुसळून आत पार ताक झालेलं! खालचा बोल्ट सैल केला, तर सगळं माझ्या नव्या सदऱ्यावर.

सुमन वाकून म्हणाली, "उतू गेलं की! पण घर कुठाय?" आणि तिने रिक्षाला हात केला.

"माझ्याआधी आत जायचं नाही!"

"मुहूर्त थांबतोय का तुमच्यासाठी?"

गेली!

आंतोन आला. त्याने गोळा उघडला, गिअरचे तुटलेले दात ओंजळभर काढले आणि शांतपणे विचारलं, "काका, दसऱ्याला अजून पाच महिने आहेत. थांबू या?"

संध्याकाळी टेम्पोतून सामान घेऊन पोचलो. सुमनने दारातच नाकाला पदर लावला.

"ह्या वासाने देवांसमोर यायचं नाही. खाली नळावर आंघोळ करा आधी."

फ्लॅटचा मालक, म्हणजे मी, बनियनवर नळाखाली बसलो. वॉचमन काठी आपटत आला.

"ए! इधर नहाना मना है. किसका ड्रायवर है?"

मी वर बघितलं. सुमन गॅलरीत उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"उनका," मी म्हणालो.