व्हर्ना टुलॉसचं रीळ

आमच्या धक्क्याच्या टोकाला सुरमईसाठी उभ्या राहणाऱ्यांत व्हर्ना टुलॉस ही एकटीच बाई. जन्मभर तिनं शाळेची बस चालवली. नजर अधू झाली, लायसन्स गेलं, आणि हात रिकामे झाले. तिचा नवरा डॉयल सांगायचा, "सगळी कपाटं आवरून झाली हिची, आता मला आवरायला घेईल. म्हटलं, जा बाई, मासे धर."

ती शिकलीही भराभर. माझ्या शेजारीच उभी राहायची, म्हणजे उभी कमी आणि फिरायचीच जास्त. आमचं काम तसं सोपं. बांगड्याएवढा जिवंत मासा गळाला लावायचा, पाण्यात मोकळा पोहू द्यायचा आणि थांबायचं. व्हर्नाला नेमकं हे थांबणंच जमत नसे.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती काठी कठड्याला टेकवून पलीकडच्या माणसाचा मासा बघायला गेली. रिळाचा ब्रेक घट्ट आवळलेला. मागे मोठा मासा लागला आणि काठी, रीळ, सगळं कठड्यावरून समुद्रात गेलं. मी धावलो, पण हाती काही लागलं नाही. ती आली, पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घेऊन जाणाऱ्यानं निदान विचारायचं तरी."

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ती होबार्टच्या गळ-काठ्यांच्या दुकानात गेली. होबार्ट आमच्याकडचा जुना दुकानदार, गोड बोलून माल गळ्यात मारणारा नव्हे.

"आधी हे बघा, दोर किती मावतो," त्यानं एक मोठं रीळ तिच्या हातात दिलं. "सुरमई पहिल्या धावेतच अर्धं रीळ रिकामं करते. मग ब्रेक. दोर एकसारखा सुटला पाहिजे, गचके न देता. आणि खारं पाणी आत शिरता कामा नये."

व्हर्नानं हँडल फिरवलं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. पहिलं परत उचललं.

"अगं, भोपळे निवडतेयस का?" मी म्हटलं.

"तू गप. तुझी काठी आहे ना जागेवर?"

होबार्टनं मग मागे छोटी दांडी असलेलं रीळ काढलं. दांडी वर केली की आमिषाला दोर हलकेच सुटत राहतो, मासा तो ओढून पळाला तरी काठीला धक्का नाही. हँडल एकदा फिरवलं की खरा ब्रेक लागतो. "तुमच्यासारख्या भटक्या माणसाला हेच," तो म्हणाला. "खुशाल फेऱ्या मारा." मीही मान डोलावली. तिनं ते घेतलं.

आणि तिथून तिचे हाल सुरू झाले. आता काठी पाण्यात जाण्याची भीती नव्हती, म्हणून हातांना कामच उरलं नाही. ती चार पावलं जायची, वळायची, दांडी खाली आहे की वर ते बघायची. दोर जरा सरसरला की झडप घालून हँडल फिरवायची. एकदा आमिषाचं नुसतं डोकं वर आलं. एकदा सुरमईच्या तोंडातून गळ निसटला, तिची चंदेरी कूस आम्हां दोघांनाही दिसली.

"जरा दम धर," मी म्हटलं. "खाऊ दे तिला."

"कसा धरू? खाली काय चाललंय ते मला कळतच नाही. रिळाला कळतं, मला नाही." तिनं काठी कठड्याला टेकवली. "बसमध्ये मागे पोरं काय करतायत ते मला स्टीअरिंगवरून कळायचं."

मी माझी काठी तिच्या हातात दिली. माझं रीळ जुन्या धाटणीचं, मागे दांडी नाही. दोर अडवणारी तार उघडी ठेवायची आणि दोर पहिल्या बोटावर धरायचा. वारा असला की गुंता होतो, म्हणून मी कुणाला तशी सवय लावत नाही. तिनं दोर बोटावर घेतला. जरा वेळानं म्हणाली, "घाबरलाय तो."

"कोण?"

"आपला छोटा. कुणीतरी मागे लागलंय त्याच्या."

मी पाण्याकडे पाहिलं, मला काही दिसेना. आणि दोर सुटला. तिनं बोट उचललं, जाऊ दिला, जाऊ दिला. माझीच जीभ वळवळत होती, पण व्हर्ना हलली नाही. मग तार बंद करून तिनं काठी उचलली आणि रीळ किंचाळायला लागलं.

सुरमईनं तिला अख्ख्या धक्क्यावर नाचवलं. माणसं काठ्या उंचावून वाट देत होती, ती त्यांच्याखालून वाकून पळत होती. एकदा दोर खांबाला घासला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. शेवटी आम्ही दोरीला बांधलेला आकडा खाली सोडला आणि मासा वर घेतला. उभा धरला तर तिच्या कमरेपर्यंत येत होता.

दुपारी ती एकटीच होबार्टकडे गेली. दांडीचं रीळ वापरलेलं, तरी त्यानं कुरकुर न करता बदलून माझ्यासारखं जुन्या धाटणीचं दिलं. "तुम्हाला सुख नको आहे, बाई," एवढंच म्हणाला.

"सुखानं मला झोप येते," ती म्हणाली, "आणि झोपायचं असतं तर घरीच होते की."

संध्याकाळी डॉयलनं सुरमई तळली आणि आम्हां सगळ्यांना बोलावलं. व्हर्ना दोन घास खाऊन उठली, खिडकीपाशी जाऊन वारा कुठून आहे ते बघून आली, परत बसली, परत उठली.

"उद्या दक्षिणेचा वारा आहे," ती म्हणाली. "लवकर निघायचं का?"