पेपरात आहे, परड्यात हाय

चौगुले गुरुजींची भाषा शाळेच्या पायरीवर बदलायची. पायरीखाली असले की, "काय रं, न्ह्यारी केलीसा न्हवं, का तसंच आलासा?" आणि पायरी चढून वर आले की त्याच पोरांना, "आपापल्या जागी शांत बसावे." आम्ही शाहूपुरीतली पोरं ही गंमत बघायला मुद्दाम फाटकाशी रेंगाळायचो.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. गुरुजी मूळचे पेठ वडगावचे, शेतकऱ्याच्या घरातले. आपल्या मुलखाचं त्यांना भारी वेड. भूगोलाचा तास गुऱ्हाळावर, इतिहासाचा तालमीच्या कट्ट्यावर. आमचे हात काकवीनं बरबटले की म्हणायचे, "पावणं, गावाची चव जिभंला न्हाय, तर नकाशा पाठ करून काय उपेग?" पंचमीच्या गाण्यांसाठी तर ते गल्लोगल्ली हिंडायचे. एखाद्या बाईनं नवं गाणं सांगितलं की त्या दिवशी स्वारीला तहानभूक नसे.

वर्गात मात्र 'हाय' आणि 'न्हाय'ला बंदी. चुकेल त्यानं फळा पुसायचा. मी लबाड, तोंडच उघडायची नाही. शेजारी बसणारी शेवंता तशी नव्हती. चुकायची, फळा पुसायची आणि पुन्हा बोलायची. तिच्या घरामागच्या परड्यात म्हशी होत्या, आई दूध घालायची. बघता बघता शेवंताची भाषा अशी सुधारली की धडा वाचायला गुरुजी तिलाच उभी करू लागले. "ही पोरगी मास्तरीण हुणार बगा," असं पायरीखाली भेटेल त्याला सांगत.

शाळेचं संमेलन तोंडावर आलं होतं. शेवंताच्या आईनं, हौसाक्कानं सांगितलेली गाणी मुली म्हणणार होत्या. तालीम चालू असतानाच हौसाक्का दुधाची रिकामी चरवी घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, उद्यापासनं शेवंता शाळंला यायची न्हाय."

"का बरे? काय झाले?"

"घरात त्वांड उघडलं की म्हणती, आये, असं न्हवं, तसं म्हण. माज्याच चुलीम्होरं मी मुकी व्हायची व्हय? आन् माजी गाणी बी तुमी धुऊन काढलीसा."

ते खरंच होतं. 'म्हायेराच्या वाटंला हाय चाफ्याचं झाड' या ओळीचं गुरुजींनी 'माहेराच्या वाटेवरती आहे चाफ्याचे झाड' असं करून ठेवलं होतं. आम्हाला ते फार झोकदार वाटायचं.

"ही वळ म्हणून फुगडी घाला बगू," हौसाक्का म्हणाली. "पाय कुटं टाकायचा ह्यात?"

गुरुजींनी ओळ पुटपुटली, पायानं ठेका धरला. पाय मध्येच अडकला. एखादी पोरगी फिसकन हसली असेल, पण मी शेवंताकडे बघत होते. ती दप्तर छातीशी धरून उभी होती. शाळा सुटते की राहते, हे तिच्या डोळ्यांदेखत ठरत होतं.

"चुकलं माजं, आक्का," गुरुजी म्हणाले. पायरीच्या वर, भर वर्गात. "गाणं तुमचं, बोली तुमची. मी पावणा, आन् घरच्यांस्नी शिकवाय गेलतो."

"मग पोरीनं बोलायचं कसं?"

"पेपरात आहे, परड्यात हाय. दोनी येऊ द्या की तिला. पर शाळा तोडू नगासा."

हौसाक्कानं चरवी काखेला मारली. मग शेवंताला म्हणाली, "बस खाली."

संमेलनात मुलींनी गाणी हौसाक्काच्या तोंडची, जशीच्या तशी म्हटली. हेडमास्तरांनी नाक मुरडलं, ते मुरडोत. गुरुजींनी त्यानंतर 'हाय' म्हटल्याबद्दल कुणालाही फळा पुसायला लावला नाही. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. चूक झाली तर शिष्यांदेखत कबूल करायला छाती लागते, आणि ती सगळ्याच गुरुजींना नसते.

थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गुरुजी गेले, तेव्हा शेवंता मुरगूडच्या शाळेत शिकवत होती. शोकसभेला ती आली. पाहुण्यांची भाषणं झाली, एकेक वाक्य इस्त्री केलेलं. मग तिचं नाव पुकारलं. पदर सावरून तिनं सुरुवात केली, "चौगुले गुरुजी आज आपल्यात..."

पुढचा शब्द येईना. तिनं बायकांत बसलेल्या हौसाक्काकडे बघितलं.

"आये," ती म्हणाली, "आपलं गुरुजी गेलं की गं."